आधी काम पाहा, मग यंत्र करा
(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त सभेतील भाषण)

साथींनो,

ड्युटी म्हणजे काय ते रेल्वेवाल्यांना कोणी शिकवू नये, असे आम्हाला वाटत असे. हाच गर्व आम्हाला नडला.

ग्रामीण डाक सेवकांचे मंजूर तास चार-पाच, प्रत्यक्ष काम त्याहून जास्त, ही त्यांची जुनी तक्रार. मागणीला पुरावा हवा, म्हणून मोबाईलवर तासांची नोंदवही करून द्यायचे आमच्या शाखेने ठरवले. संगणक जाणणारी आमची तरुण मुले कामाला लागली. साचा आम्ही आमचाच दिला : ड्युटीवर हजर, ड्युटीवरून मोकळे.

महिनाभराने नोंदी पाहिल्या, तर सगळ्यांचे तास मंजुरीइतकेच! हा कागद पुढे केला असता, तर मागणी आपल्याच हाताने बुडाली असती.

मग आम्ही एका शाखा डाकपाल भगिनीबरोबर दिवसभर बसलो. कार्यालय बंद करून तिने ‘मोकळे’ अशी नोंद केली. त्यानंतर यंत्राला रेंज मिळावी म्हणून ती टेकाडावर जाऊन उभी राहिली. घरी जाताना दोन दारी आवर्ती ठेवीचे हप्ते घेतले. या वेळेला आमच्या नोंदवहीत रकानाच नव्हता.

साथींनो, ही अडचण नवी नाही. 1981 मध्ये नॉर्डिक देशांतील छपाई कामगारांच्या संघटनांनी संशोधकांना बरोबर घेऊन ‘युटोपिया’ प्रकल्प सुरू केला. वर्तमानपत्राची पाने संगणकावर लागणार होती आणि कारागिराचे कसब जाईल अशी भीती होती. संशोधकांना छपाई ठाऊक नव्हती, कामगारांना संगणक ठाऊक नव्हता. म्हणून त्यांनी पुठ्ठ्या-लाकडाची नकली यंत्रे मांडली. कामगार त्यापुढे बसून पान लावून दाखवत. हात अडे तिथे पुठ्ठा बदलत. पुठ्ठा बदलायला खर्च नाही. तयार यंत्र बदला म्हटले की पैसे आडवे येतात.

आता आम्हीही रकाने आधी कागदावर आखून डाकघरात नेतो. तिथे आठवडाभर ते भरले जातात, मगच मुले संगणकाला हात लावतात. ‘रेंजसाठी थांबणे’ हा रकाना त्या भगिनीनेच सुचवला.

उद्या टपालातील साथी रेल्वेसाठी काही करतील, तेव्हा त्यांनीही आधी आमच्या ट्रॅकमनबरोबर रुळावरून चालावे. आणि प्रशासन नवे यंत्र आणील, तेव्हा आपण दोघांनी मिळून विचारावे : हे करण्याआधी आमच्यापैकी कोणाजवळ येऊन बसला होतात?

कामगार एकजुटीचा विजय असो!