अस्तराच्या पिशवीला चेन लावताना

भाजी निवडायला घेतली असेल तर हात चालू ठेवा, फक्त कान इकडे असू द्या. मशीनवर बसणाऱ्या बायकांनी मात्र कागद-पेन्सिल जवळ घ्या, कारण आज मापं सांगणार आहे.

मार्च २०१८ मध्ये आपल्या राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. आमच्या बचत गटानं तेव्हा कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. साधी पिशवी कुणालाही जमते, म्हणून तिला भावही बेताचाच मिळतो. आतून अस्तर आणि वरून चेन असली, की तीच पिशवी एस.टी.त पैसे, मोबाईल, कागदपत्रं न्यायला चालते. मग गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतं. पण हे जास्तीचे पैसे ते चेनीच्या भरवशावर देतं. हे मी नुकसान सोसून शिकले.

आम्हाला एका प्रशिक्षणासाठी ४० पिशव्यांची ऑर्डर मिळाली होती. मुदत आठ दिवसांची. मशीनवर पाच जणी आणि शिकवणारी मी. सहाव्या दिवशी पिशव्या जेमतेम निम्म्या झालेल्या. तेव्हा मीच म्हणाले, "चेन लागली ना? मग वरची टीप राहू द्या आता. ती कुणाला दिसते?"

पिशव्या वेळेवर गेल्या. पंधरा दिवसांत त्यातल्या १३ परत आल्या. सगळ्यांचं दुखणं एकच, रनर अस्तरात अडकतो. त्यातली एक पिशवी आशाताईंची होती. पावसात चेन मिटेना आणि आतलं रजिस्टर भिजलं. ताई भांडल्या नाहीत. शाई पसरलेली पानं त्यांनी मला उघडून दाखवली आणि पिशवी ठेवून गेल्या.

पिशवी पुरी शिवून झाली, की चेनीच्या कोपऱ्यापर्यंत मशीनचा पाय पोचत नाही. म्हणून त्या १३ पिशव्या उसवाव्या लागल्या. त्यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांची मजुरी कुणी देणार नव्हतं. आमच्यातल्या एका वहिनींनी त्या पैशांत मुलीच्या वह्या-पुस्तकांचं ठरवलं होतं. चूक त्यांची नव्हती, माझी होती. म्हणून ती टीप कुठं मारायची आणि कशासाठी, हे आज नीट सांगते.

आधी सामान. बाहेरच्या जाड कापडाचे दोन तुकडे घ्या, रुंदी १६ इंच आणि उंची १५ इंच. अस्तराचे तेवढेच दोन. घरच्या पिशवीला जुन्या सुती साडीचा धड भाग चालेल, विकायच्या पिशवीला मांजरपाट घ्या. सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि चेन वेडीवाकडी होते.

चेन नायलॉनची, ५ नंबरची, १४ इंच घ्या. ५ नंबर म्हणजे मिटलेल्या दातांची रुंदी साधारण ५ मिलिमीटर. ३ नंबरची चेन छोट्या पर्सला ठीक आहे, भरलेल्या पिशवीला ती नाजूक पडते. रोलमधली चेन कापून घेतली असेल तर रनर आधीच ओवून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, कापड १६ इंच आणि चेन १४ इंचच का? चेनीचे दात बाजूच्या शिवणीत आले तर कोपरा जाड होतो, सुईही मोडू शकते. म्हणून चेनीच्या दोन्ही टोकांना कापड जोडायचं. चेनीच्या पट्टीएवढा रुंद आणि ३ इंच लांब असा तुकडा घ्या. तो मधोमध दुमडून दीड इंचाचा करा. दुमडीची बाजू चेनीच्या टोकावर अर्धा इंच चढवा आणि दुमडीलगत टीप मारा. दातांवरून जाताना पायडल मारू नका, चाक हातानं फिरवा. दोन्ही टोकांना एकेक इंच कापड वाढलं, चेन १६ इंचांची झाली. रनरही आता निसटणार नाही.

पिशवीचे बंद चेनीच्या आधी लावून घ्या. वरच्या काठापासून २ इंच खाली, बाजूच्या काठांपासून ४ इंच आत. आतून जाड कापडाचा तुकडा ठेवा आणि चौकोन शिवून त्यात फुली मारा. मग बंद खाली दुमडून टाचणीनं अडकवून ठेवा, म्हणजे शिवताना मध्ये येणार नाहीत.

आता चेन. बाहेरचं कापड सुलटी बाजू वर करून पसरा. त्याच्या वरच्या काठाला काठ जुळवून चेन पालथी ठेवा, म्हणजे रनरची मूठ खाली कापडाकडे गेली पाहिजे. त्यावर अस्तर ठेवा, सुलटी बाजू खाली. खाली कापड, मध्ये चेन, वर अस्तर, असे तीन थर झाले. टाचण्या लावा. मशीनला चेनीचा अर्धा पाय लावा आणि काठापासून पाव इंचावर टीप मारा. रनर आडवा आला की थांबा. सुई कापडातच राहू द्या, पाय उचला, रनर मागे सरकवा, पाय खाली घ्या आणि पुढे चला. रनरला वळसा घालून शिवलं तर तिथंच चेन वाकडी दिसते.

मग दोन्ही कापडं चेनीपासून मागे उलटवा. बाहेरचं कापड एका अंगाला आणि त्याच्या पाठीला पाठ लावून अस्तर. बोटानं दाबा, हलकी इस्त्री फिरवा, पण गरम इस्त्री नायलॉनच्या दातांवर नेऊ नका. आता हीच ती वरची टीप. दुमडीपासून ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर ठेवून, बाहेरचं कापड आणि अस्तर दोन्ही धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत टीप मारा. ही टीप अस्तराला मागे धरून ठेवते. ती नसली की अस्तर सैल पडून दातांकडे सरकतं आणि रनर त्यालाच ओढतो.

चेनीच्या दुसऱ्या अंगाला उरलेले दोन तुकडे असेच लावा, तिथंही वरची टीप मारा.

आता एक गोष्ट विसरू नका. चेन अर्धी उघडा. मिटलेल्या चेनीनं बाजू शिवल्या तर पिशवी उलटवायला वाटच राहत नाही. ही फजिती आमच्या गटात प्रत्येकीची एकदा तरी झाली आहे.

चेन उघडली, की बाहेरच्या कापडावर बाहेरचं कापड आणि अस्तरावर अस्तर ठेवा, सुलट्या बाजू आत. चेनीची टोकं अस्तराकडे वळवा. अर्धा इंच सोडून चारी बाजूंनी शिवा. अस्तराच्या तळाला मात्र ५ इंच जागा मोकळी सोडा. तळ रुंद हवा असेल तर बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणून कोपऱ्याचा त्रिकोण करा, ३ इंच रुंदीवर आडवी टीप मारा आणि टोक कापा. असे चारही कोपरे करा. मोकळ्या जागेतून पिशवी सुलटी करा, ती जागा शिवून टाका आणि अस्तर आत ढकला.

शेवटी तपासणी. चेन २० वेळा उघडझाप करा, एकदा हळू आणि एकदा घाईत. घाईत का? कारण बाई एस.टी.त चढताना चेन हळू लावत नाही. मग पिशवीत ५ किलो ज्वारी भरून ती बंदांना धरून टांगा आणि तशीच चेन लावून बघा.

आमच्या गटात आता शिवणारीनं स्वतःची पिशवी तपासायची नाही, दुसरीनं तपासायची. तिनं हो म्हटल्याशिवाय वहीत पिशवी मोजली जात नाही. मुदत कमी वाटली तर ऑर्डर घेतानाच दोन दिवस जास्त मागतो. मागायला संकोच वाटतो खरा, पण उसवण्यापेक्षा तो परवडतो. वरच्या टिपेला एका पिशवीमागे फार तर पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मजुरीत धरा, भाव सांगताना मोजा, आणि कुणी, अगदी शिकवणारी बाईसुद्धा, "राहू द्या" म्हणाली तरी ऐकू नका.

आशाताईंची पिशवी आम्ही सगळ्यात आधी दुरुस्त केली. ती द्यायला मी स्वतः गेले. त्यांनी चेन तीनदा ओढून पाहिली आणि मगच रजिस्टर आत ठेवलं.