सल्ला सीमेपलीकडचा, हात जवळचा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



न्यासाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. आम्ही आज अशा एका गरजेविषयी बोलणार आहोत, जिच्यासाठी न्यासाच्या कचेरीत सहसा कोणी अर्ज घेऊन येत नाही. मन आजारी पडले असता जाणत्या माणसाचा सल्ला मिळावा, आणि तो आपल्या भाषेत मिळावा, ही ती गरज होय.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी ठरली. त्या वेळी नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे बाडबिस्तरा बांधून येथे आली. आज त्यांच्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे पुण्या-मुंबईस किंवा परदेशी आहेत, आणि वडीलधारी माणसे येथे एकटी आहेत. बाजारहाट, बँक, दवाखाना, सारे व्यवहार आपण हिंदीत बिनदिक्कत करतो. परंतु झोप उडाली, जिवाची घालमेल सुरू झाली, म्हणजे ते सांगावयास मायबोलीच लागते. पुण्याच्या समुपदेशिकेला ही घालमेल एका वाक्यात कळेल. मग तिने दूरध्वनीवरून भोपाळच्या आजींना सल्ला द्यावा की न द्यावा?

डॉक्टरांपुरते उत्तर स्पष्ट आहे. मार्च 2020 मध्ये निघालेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशातील कोणत्याही भागातील रुग्णास दूरध्वनीवरून सल्ला देऊ शकतो. समुपदेशक मात्र त्या सूत्रांत येत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण-परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांची नोंद राज्याराज्याच्या प्राधिकरणाकडे सोपविली, आणि त्या याद्यांवरून राष्ट्रीय नोंदवही करण्यास केंद्रास सांगितले. समुपदेशकांचा समावेश 2021 च्या संलग्न आरोग्यव्यवसायांच्या कायद्यात झाला. त्यातही राज्य परिषदा आणि केंद्रीय नोंदवही अशी दुहेरी रचना आहे. आमचे म्हणणे एवढेच, की एका राज्यात पारखलेल्या माणसास दुसऱ्या राज्यात पुन्हा परके ठरवू नये.

यावर कोणी म्हणेल, परगावच्या तज्ज्ञास येथले काय कळणार? त्याचे उत्तर भोपाळइतके दुसरे कोणते शहर देणार? 2 डिसेंबर 1984 च्या रात्री वायूने घात केला, तेव्हा राज्याच्या पाच वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. मानसिक रुग्णालये होती ती ग्वाल्हेर आणि इंदूरला. मदत आली ती बाहेरून. लखनौच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1985 च्या पहिल्या महिन्यांत वायुपीडितांच्या दवाखान्यांतील 855 रुग्णांची चाचणी घेतली. त्यांतील 193 जणांस, म्हणजे शेकडा बावीसहून अधिकांस, मानसिक विकार असल्याचे आढळले. डोळे आणि छाती तपासली जात होती. मनाची वास्तपुस्त तोवर फारशी झालीच नव्हती.

बंगळूरच्या निमहान्सहून डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे सहकारी आले. लक्षावधी पीडितांना पुरतील इतके तज्ज्ञ बाहेरून आणणे अशक्यच होते. म्हणून त्यांनी एप्रिल 1985 मध्ये येथल्याच सुमारे पन्नास वैद्यकीय अधिकाऱ्यांस प्रशिक्षण दिले आणि त्यांच्यासाठी पुस्तिका तयार केली. विद्या बंगळूरची, रुग्णाच्या नाडीवरचा हात मात्र भोपाळचा! आम्ही आज जे मागत आहोत त्याचा कित्ता हाच.

कारण दुरून सल्ला देण्यात एक खरा धोका आहे, आणि तो झाकून ठेवणे बरे नव्हे. बोलता बोलता रुग्णाने जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार बोलून दाखविला, तर पुण्यात बसलेल्या समुपदेशिकेने कोणाचे दार ठोठवावे? शिवाय सल्ला चुकला, तर तक्रार कोणत्या राज्यात करावी? अमेरिकेत समुपदेशकांसाठी राज्याराज्यांनी 2021 पासून एक करार स्वीकारण्यास आरंभ केला. परवाना आपल्या राज्याचा, आणि करारातील दुसऱ्या राज्यात काम करण्याची मुभा. परंतु रुग्ण जेथे असेल तेथील कायदा समुपदेशकाने पाळावयाचा. मुभेबरोबर जबाबदारीही सीमा ओलांडते, हे त्यातले सार आपणही घेण्यासारखे आहे.

कायदा करणे आपल्या न्यासाच्या हाती नाही. जवळचा हात पुरविणे मात्र नक्की आहे. आम्ही तीन गोष्टी सुचवितो. मराठीत बोलणाऱ्या समुपदेशकांची यादी ठेवावी, आणि नोंदणी पडताळल्याशिवाय तीत कोणाचेही नाव घालू नये. न्यासाच्या वास्तूत एक खोली या कामास द्यावी. घरी सुनेदेखत बोलता येत नाही, आणि सुनेलाही सासूदेखत बोलता येत नाही! तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: सल्ला घेणाऱ्याच्या संमतीने त्याचा पत्ता, जवळचा डॉक्टर आणि हाकेच्या अंतरावरील एक माणूस यांची नोंद समुपदेशकाकडे आधीच असावी. तो माणूस आपल्यापैकीच असेल. काय बोलणे झाले हे त्याने विचारू नये. बोलावणे आले की जावे, इतकेच त्याचे काम.

हे उभे राहीपर्यंतही कोणी थांबून राहू नये. ऑक्टोबर 2022 पासून शासनाची टेलिमानस सेवा चालू आहे. 14416 हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य लागतो आणि तेथे भाषा निवडता येते. तो आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

पन्नास वर्षांत न्यासाने कोणाच्या शिक्षणाला, कोणाच्या औषधाला हातभार लावला. पुढील वर्षांत मन मोकळे करण्यासही एक जागा द्यावी, अशी विश्वस्तांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.