टोळीतली बाई आणि मस्टरवरचं नाव

(महिला मजूर व कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



रोजगार हमीच्या कामावर तुमच्यातल्या बहुतेकजणी जाऊन आल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात लाखो बायांनी खडी फोडली, माती वाहिली. त्यांच्या त्या रेट्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आज मी त्यातल्या एकाच कामाबद्दल बोलणार आहे. डोंगरउतारावरचे समतल चर.

चर लांबून सोपा दिसतो. दोन फूट रुंद, फूटभर खोल. पण पाण्याच्या नळीनं किंवा ए-फ्रेमनं पातळी काढून रेघ आखावी लागते. ती जरा तिरकी गेली की पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी सखल टोकाला धावतं, भराव फुटतो, पाठोपाठ खालचे चरही फुटतात. माती अडवायला गेलो आणि घळ पाडून आलो, असं होतं. म्हणून काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं. कुदळ मारणारीनं मुरूम सैल करायचा, मागचीनं फावड्यानं ओढायचा, तिसरीनं चराच्या खालच्या अंगाला, काठ सोडून, रचायचा. काठ सोडला नाही तर माती परत चरात येते. एवढं सगळं भान ठेवणाऱ्या बाईला कागदावर म्हणतात 'अकुशल'!

आता मजुरीकडे येऊ. मजुरी मापावर आणि टोळी जोडीची. नवरा खणणार, बायको पाटी उचलणार. टेप खड्डा मोजतो, डोक्यावरच्या खेपा मोजत नाही. मग घरीदारी म्हणतात, काम त्यानं केलं, हिनं हातभार लावला. पण मातीकामाच्या सरकारी दरात खोदणं आणि ठरावीक अंतरावर नेऊन टाकणं, दोन्ही धरलेलं असतं. हातभार कसला? निम्मं मापच तिचं आहे. आणि जिला जोडी नाही, त्या टाकलेल्या बाईनं, विधवेनं कुठं जायचं? मुकादम म्हणतो, "तुझ्यासंगं कोण?"

हे फक्त आपल्याकडचंच आहे असं समजू नका. अमेरिकेत १९३३ च्या मंदीत सरकारनं बेकार तरुणांच्या तुकड्या डोंगरात धाडल्या. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख जणांनी पायवाटा बांधल्या, झाडं लावली, धूप थांबवली. सगळे पुरुष. एलिनॉर रूझवेल्ट यांनी आग्रह धरला तेव्हा कुठं बायकांसाठी वेगळी शिबिरं निघाली, आणि ती जेमतेम साडेआठ हजारजणींपर्यंत पोचली. पुरुषांना दिवसाला एक डॉलर, बायकांना आठवड्याला अर्धा डॉलर हातखर्च! डोंगरातलं काम बायकांना झेपत नाही, ही समजूत तिथंही होतीच. आपल्या बायांना कुणी एकदा तिकडं न्यायला हवं होतं.

म्हणून बायांच्याच टोळ्या करा, असं आम्ही सांगत आलो. पण त्यातही भांडणं होतात, ती झाकून ठेवू नयेत. साठीची म्हातारी हळू खणते, तिला पूर्ण वाटा का? ओली बाळंतीण तासातासाला पाजायला उठते, तिचं काय? माझं मत स्पष्ट आहे. वाटा हजेरीवर द्यायचा. कुदळीची पाळी फिरती ठेवायची. म्हातारीनं रेघ धरावी, काठ बघावा. तेही कामच आहे. आणि मुलं सांभाळणं टोळीच्या अंगावर घेऊ नका. सहा वर्षांखालची पाच मुलं असली की सांभाळायला बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची, असं २००५ च्या केंद्राच्या कायद्यात लिहिलेलंच होतं. तरी पोरं झाडाखालच्या झोळीतच राहिली. कायद्याचं नाव बदललं तरी ही मागणी सोडायची नाही.

आणखी एक. माप घ्यायला साहेब येतो तेव्हा आपण बाजूला उभ्या राहतो. टेपचं दुसरं टोक आपल्या हातात हवं. जेवणानंतर मागच्या उतारावर जाऊ. दहा मीटर चर, साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल: किती घनमीटर झाले? १.८. शाळा न शिकलेल्यांनी पुढं बसा, टेप तुमच्याकडेच देणार आहे.