औषध कोणते, हे आपल्याला ठाऊक हवे
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालकांपुढे केलेले भाषण)



या संस्थेने मला लिहायला-वाचायला शिकविले. त्या शिक्षणाचा उपयोग माझ्याच घरात वेळेवर झाला नाही, ते आज सांगतो.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. गावच्या डॉक्टरांनी त्यांना ग्लिमेपिराइडची गोळी दिली होती. अब्बा माझ्याकडे शहरात आले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहून दिले. जुनी चिठ्ठी आम्ही नेलीच नव्हती. "आणखी काय घेता?" असे विचारताच अब्बा म्हणाले, "एक लहान गोळी आहे." पुढे पंधरवडाभर ते दोन्ही गोळ्या घेत राहिले. एके पहाटे ते घामाने चिंब, हात थरथरत असलेले आणि भान हरपलेले असे आढळले. साखर ३८ वर उतरली होती. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिले, म्हणून वाचले.

दोष कोणाला देऊ? चिठ्ठी घरात होती आणि वाचता येणारा मुलगाही घरातच होता!

म्हणून विनंती आहे. पाकिटावर कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नाव छापलेले असते. ते वहीत उतरवून घ्या. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. हे औषध कशासाठी, किती दिवस, चुकले तर काय करायचे, हे नम्रपणे विचारा. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या व १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काही घालू नका; तातडीने दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्यांनी रोजे धरण्यापूर्वी, रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांशी बोलावे. आपल्या मनाने गोळी कमी-जास्त करू नये.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर दादा-दादींच्या गोळ्यांची यादी स्वच्छ अक्षरांत लिहा. तुमच्या शिक्षणाचा पहिला लाभ त्यांना मिळू द्या.