'नवा शिपाई' आणि हलव्याचा तीळ
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



केशवसुतांच्या 'नवा शिपाई' या लहानशा कवितेवर आज बोलावयाचे आहे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचे. जन्म १८६६ सालचा. पोटासाठी शाळामास्तरकी केली आणि १९०५ साली हुबळीस प्लेगने गेले. चाळिशीही त्यांनी पाहिली नाही.

शिपाई म्हटला की आपल्याकडे मावळा डोळ्यांपुढे येतो. लोहगड-विसापूर आपल्या नित्याच्या नजरेतले. परंतु मावळ्याला राखायला गड होता, पाठीशी राजा होता. या शिपायाला दोन्ही नाहीत. आरंभीच तो दरडावून विचारतो की, मला ताळ्यावर आणणारा कोण आहे? घरातले पोर असे बोलले की आपण तेवढेच ऐकतो आणि उरलेले ऐकतच नाही. खरी कविता त्या उरलेल्यात आहे.

जातीची, धर्माची, पंथाची कोणतीच पाटी हा शिपाई गळ्यात बांधून घेत नाही. जग आखडून घेणारेच त्याच्या लेखी पतित. त्या काळी हे बोलणे सोपे नव्हते. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला, तर त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. मळ्याला कुंपण पडलेलेही या शिपायाला खपत नाही. (आमच्या लोणावळ्यात बंगल्यांची कुंपणे पाहून तो काय म्हणाला असता, कोण जाणे!) एवढ्या तोऱ्याने सुरुवात करणारा हा तरुण पुढे 'मी' हा शब्दच नको म्हणतो आणि शेवटी शांतीचा निरोप्या होतो. बंडखोर म्हणावा तो असा.

पण बायकांनी थांबावे असे ठिकाण निराळेच आहे. ते म्हणजे संक्रांतीचा हलवा. हा दृष्टांत पुरुषाला सुचला याचे मला नवल वाटते! मंद आचेवर परात, तिच्यात तीळ, त्यावर चमचा-चमचा पाक आणि बोटांनी सतत हलवणे. घाई केली की गोळा होतो. दोन-दोन दिवस बसावे तेव्हा काटा फुटतो. केशवसुत म्हणतात, आत तीळ सारखाच आणि वरचे पाकाचे कणही सारखेच. मग भेद आला कोठून? दाण्यांनी एकमेकांकडे पाहून तो मानून घेतला, एवढेच.

आता आपल्या मंडळाचे पाहा. संक्रांतीला तोच हलवा आपण वाटतो, आणि ज्या बाईचा नवरा गेला तिला आमंत्रण करीत नाही. आपल्यातल्या तरुण सुनांनी याबद्दल विचारले, तेव्हा "शिकलेल्या मुली उद्धट होतात" असे उत्तर त्यांना मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी कळवले. एका खेड्याला जे जमले ते आपल्याला अवघड का वाटावे? देवाधर्माचे काय, असे कोणी म्हणेल. हळदीकुंकू हा बायकांनी बायकांना दिलेला मान आहे, आणि तो कोणाला द्यावा हे आपणच ठरवतो.

यंदाच्या आमंत्रणाची यादी पुढच्या बैठकीत व्हायची आहे. तीत सर्व सभासदांची नावे असावीत, असा अर्ज त्या सुनांबरोबर माझ्याही सहीने चिटणीसबाईंकडे दिला आहे.