उसने अवसान

मधुमेहाने, थायरॉइडच्या विकाराने वा पांडुरोगाने थकलेली आपली काही माणसे दिल्लीच्या कचेऱ्यांतून दिवस रेटण्यासाठी एनर्जी ड्रिंकचा आधार घेतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या मानकांनुसार अशा पेयात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते. २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५. थकव्याची वर्दी देणाऱ्या ॲडेनोसिनची वाट ते काही काळ अडविते. सायंकाळी घेतल्यास झोप मोडते आणि सकाळी थकवा व्याजासह परततो. साखर असलेले पेय मधुमेह्याला आणखी घातक. हे उसने अवसानच होय. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड व रक्तशर्करा तपासून घ्यावी. डॉक्टरांपासून हे पेय लपवू नये. घरच्यांनीही ‘आळशी’ हा शब्द गिळावा आणि रुग्णाला दुपारी घटकाभर निजू द्यावे.