आकाशचित्रांतील रंग : खरे की योजलेले?



हबल या अवकाश दुर्बिणीने १ एप्रिल १९९५ रोजी गरुड तेजोमेघाची छायाचित्रे घेतली. सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर असलेले वायू व धूळ यांचे उत्तुंग स्तंभ त्यांतून जगापुढे आले. ते चित्र पाहणारा विद्यार्थी साहजिकच विचारतो : आकाशात हे रंग असेच आहेत काय? ‘होय’ म्हणावे तर ते असत्य ठरते. ‘नाही’ म्हणावे तर शास्त्रावरचा त्याचा विश्वास डळमळतो. म्हणून या रंगांमागील रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

दुर्बिणीकडून येणारी मूळ चित्रे कृष्णधवल असतात. कॅमेऱ्यापुढील गाळणी प्रकाशाचा एक अरुंद पट्टाच आत सोडते. या चित्रासाठी तीन गाळण्या योजल्या होत्या : प्राणवायूच्या प्रकाशासाठी सुमारे ५०१, हायड्रोजनसाठी ६५६ व गंधकासाठी ६७३ नॅनोमीटर. यांपैकी हायड्रोजन व गंधक या दोहोंचा प्रकाश डोळ्यांस तांबडाच भासतो. त्यांतील भेद नजरेस उमगत नाही. तो स्पष्ट व्हावा म्हणून गंधकास तांबडा, हायड्रोजनास हिरवा व प्राणवायूस निळा रंग देण्यात आला. तरंगलांबीचा नैसर्गिक क्रम मात्र कायम राखला गेला.

यापुढील काम तोल साधण्याचे असते. अशा तेजोमेघांत हायड्रोजनचा प्रकाश बहुधा सर्वांत प्रबळ असतो. तिन्ही चित्रे जशीच्या तशी एकत्र केल्यास सर्वत्र हिरवाच रंग पसरेल. यास्तव गंधक व प्राणवायू यांची क्षीण चित्रे उजळ करून घेतात. त्यातून सोनेरी व निळसर छटा खुलतात. परंतु अशा रंगांच्या तेजावरून कोणता वायू किती, हे ठरविता येत नाही. ते मोजमाप मूळ कृष्णधवल चित्रांवरूनच करावे लागते.

शाळेतील प्राकृतिक नकाशात सखल प्रदेश हिरवा व पर्वत तपकिरी दाखवितात. त्यास कोणी खोटा म्हणत नाही, कारण कोपऱ्यात रंगांची सूची दिलेली असते. वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये हेच स्तंभ अवरक्त किरणांत टिपले. ते किरण डोळ्यांस दिसतच नाहीत. तेथे तर सर्वच रंग योजावे लागले.

तेव्हा शिक्षकांनी असे चित्र वर्गात लावताना कोणता रंग कशाचा, हे त्याखाली अवश्य लिहावे. चित्र पाहण्याबरोबर ते वाचण्याची सवय विद्यार्थ्यांस लागेल, आणि त्यांचा विश्वास डोळस होईल.